ओट्यावरचा डाग

शेगडीच्या डाव्या हाताला, काळ्या ओट्यावर जो पांढरा, निमुळता डाग दिसतो, तो मी. घासू नका, निघणार नाही. या घरच्या सासूबाईंनी लिंबू, राख आणि तारेची घासणी, सगळं करून पाहिलंय.

मी डाग नाही, प्राणी आहे. म्हणजे होतो. समुद्रात राहायचो. अंगावर सुळक्यासारखं लांब कवच, पुढे हातांचा झुबका. दिसायला बरा होतो, असं त्या काळचं मत होतं.

आमच्याही आधी समुद्रात नुसते एका पेशीचे जीव होते. पोट नाही, तोंड नाही, म्हणून भांडणही नाही. मग त्यांतले काही एकत्र राहू लागले आणि संसार सुरू झाला. पुढे डोळे आले. डोळे आल्यावर शेजाऱ्याकडचं दिसू लागलं, आणि पाठोपाठ दात आले.

उथळ पाण्यात एक जाड परांचा मासा असे. त्याला वेगळंच खूळ. परांवर अंग रेटत काठाला यायचा, तोंड वासून हवा गिळायचा आणि धपकन परत पाण्यात पडायचा. पुन्हा तेच. आम्ही हसायचो. भरलं घर सोडून निघालाय कुठे मेला!

मग मी मेलो. त्यात विशेष काही नाही. गाळात बसलो, गाळावर गाळ आला, गाळाचा दगड झाला. वर काय चाललं होतं ते मला ऐकीव. त्या माशाच्या वंशात बेडूक झाले, सरडे झाले, काही डोंगराएवढे झाले. डोंगराएवढे संपले. बिळात दडून पिलांना दूध पाजणारे चिमुकले जीव तेवढे तगले. त्यांतले काही झाडावर चढले, आणि फार उशिरा कोणीतरी खाली उतरून दोन पायांवर चालू लागलं. ते करवत घेऊन माझ्यापर्यंत आलं आणि माझ्यासकट दगड कापून त्याचा हा ओटा केला. आता त्या माशाची लेक माझ्यावर कांदा चिरते.

हे सगळं मला सासऱ्यांकडून कळलं. एका रविवारी ते पेपर घेऊन ओट्यापाशी आले. पेपरात माझ्यासारख्याच कोणाचा तरी फोटो होता.

"अगं, हा डाग नाही. हा जीव आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा."

सासूबाईंचा पिठाचा हात थांबला. "म्हणजे इतकी वर्षं मी एका जिवावर तापलेला तवा ठेवतेय?"

"तो मेलाय गं."

"तुम्हाला काय माहीत?" म्हणाल्या, आणि तवा उजवीकडे सरकला. तेव्हापासून माझ्यावर गरम काही आलेलं नाही. अशी बाई मी कुठल्याच युगात पाहिली नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी सून बाळंत झाली. दिवस भरायच्या फार आधी. मुलगी एवढीशी, इस्पितळात काचेच्या पेटीत ठेवली. मुलगा घरी आला आणि ओट्याला टेकून उभा राहिला.

"आई, तिला श्वास घेता येत नाहीये. फुप्फुसं अजून तयार नाहीत म्हणतात. यंत्रावर आहे."

सासूबाईंनी मिठाची बरणी उचलून वरच्या फळीवर ठेवली. "पोर स्वतःच्या श्वासानं घरी येईस्तोवर मी मीठ खाणार नाही."

नवस त्यांचा, पण स्वयंपाकही त्यांचाच. चव घेता येईना, म्हणून इतरांच्या जेवणात मीठ अंदाजानं पडू लागलं. एक दिवस जेवण अळणी, दुसऱ्या दिवशी थेट माझं माहेर.

"नवस तू केलास, भोगायचं आम्ही!" सासरे म्हणाले. "देवाला पोचलं असेल गं, आता थोडं आमटीलाही पोचू दे."

"गिळा मुकाट्यानं."

मध्यंतरी इस्पितळातून वाईट निरोप आला. पोर रात्र काढेल की नाही, सांगता येत नव्हतं. त्या दिवसापासून सासरेही सासूबाईंचंच अळणी जेवण आपल्या ताटात वाढून घेऊ लागले. डॉक्टरांनी मीठ बंद केलंय म्हणाले. डॉक्टरांकडे ते गेलेच नव्हते. तक्रार मात्र चालू ठेवली, नाहीतर बायकोला संशय आला असता.

सासूबाई दुपारी ओटा पुसताना माझ्यापाशी थांबत. "तू एवढा टिकलास," हळूच म्हणत, "तिलाही जरा शिकव."

मी काय शिकवणार? मला हवेतला श्वास कधी आलाच नाही. ज्याला आला त्याला मी हसलो होतो. त्याच्या वंशाला जे साधायला युगं लागली, ते या पोरीला पेटीत पडल्या पडल्या साधायचं होतं. दगडाला करता येण्यासारखं काही नव्हतं. तरी मी त्या माशाची आठवण काढत राहिलो. तो पडायचा, पण पुन्हा यायचा, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

एका सकाळी दार उघडलं. आधी सून आली, मग तिच्या खांद्यावरचं गाठोडं. गाठोड्यानं तोंड वासलं, हवा गिळली आणि असा टाहो फोडला की भांड्यांच्या मांडणीतल्या वाट्या वाजल्या.

"फुप्फुसं तयार झाली वाटतं," सासरे म्हणाले, आणि चष्मा पुसायला आत गेले.

सासूबाईंनी फळीवरून बरणी काढली. चिमूट भरली, पण लक्ष सगळं पोरीकडे, त्यामुळे मीठ माझ्यावर सांडलं. त्यांनी बोटानं त्यातलं थोडं टिपून जिभेवर ठेवलं, डोळे मिटले आणि उरलेल्यावर ओलं फडकं फिरवलं.

क्षणभर माझ्यावर खारं पाणी होतं. समुद्र म्हणावा तर चार बोटांचा. पण चव तीच होती.

आता पोरगी ओट्याला धरून उभी राहते. टाचा उंचावते, धपकन पडते, पुन्हा येते. एक दिवस तिचा हात माझ्यापर्यंत पोचेल. मागणं एवढंच, त्या दिवशी तिला डाग म्हणून सांगू नका. आम्ही जुने शेजारी आहोत. आणि आता मी हसत नाही.