हंगामी पदावरची अडतीस वर्षं

मागच्या वर्षी मे महिन्यात वैभवी कर्णिककडे एक बेट आलं. अटलांटिक महासागराच्या मधोमध असलेलं, अजूनही ब्रिटनच्या अमलाखालचं, जेमतेम चार हजार वस्तीचं. तिथल्या सरकारी नोकरांच्या पगारश्रेण्या नव्याने बांधायच्या होत्या, आणि ते काम अबू धाबीतल्या तिच्या कन्सल्टन्सीला मिळालं होतं. बेटाचं नाव बाहेर कुठे घ्यायचं नाही असं करारात होतं, म्हणून घरीही ती नुसतं ‘बेट’ म्हणायची.

वैभवी अठरा वर्षं हेच काम करत आली होती. प्रत्येक पदाला गुण द्यायचे. ज्ञान किती लागतं, जबाबदारी किती, चूक झाली तर नुकसान किती. गुणांवरून ग्रेड, ग्रेडवरून पगार. बेटावर शंभरेक वर्षांत एकतीस ग्रेड साचल्या होत्या. लंडनहून पाठवलेल्या अधिकाऱ्यांची श्रेणी वेगळी, तिथल्या माणसांची वेगळी, आणि सगळ्यात खाली हंगामी पदांची यादी, जिला ग्रेडच नव्हती.

उन्हाळ्यात ती बहुतेक घरूनच काम करायची. अबू धाबीच्याच अल रीम आयलंडवर अडतिसाव्या मजल्यावर घर. बाहेरच्या दमट हवेने काचा पांढऱ्या व्हायच्या आणि समुद्र कुठे संपतो, आकाश कुठे सुरू होतं, कळायचं नाही. त्या पांढऱ्या उजेडात बसून ती चारशे पदांची वर्णनं वाचत होती. बंदरावरचा क्रेनवाला आग लागली की बंब चालवायचा. ग्रंथपालबाई पासपोर्टवर शिक्के मारायच्या. वाचता वाचता तिचा डोळा लागायचा आणि ती बेटावर चालू लागायची. डोंगराच्या उतारावर पायऱ्या असायच्या, प्रत्येक पायरीवर एकेक माणूस उभा. ती त्यांना त्यांची ग्रेड विचारायची आणि ती माणसं तिला वाऱ्यांची नावं सांगायची.

“आई, यू वर टॉकिंग इन युअर स्लीप,” तिची चौदा वर्षांची मुलगी अस्मी एकदा म्हणाली. “समथिंग अबाउट ग्रेड फोर.”

जूनमध्ये ती हंगामी यादीपर्यंत पोचली. त्यात एक ओळ होती: हवामान निरीक्षक, हंगामी, नेमणूक १९८६. काम: यंत्रांची देखभाल व नोंदी. बेटावर स्वयंचलित यंत्र येणार असल्याने पद रद्द करावं, असा सचिवालयाचा शेराही होता. तरी नियमाप्रमाणे त्या पदावरच्या माणसाशी बोलणं भाग होतं. डोरीन नावाच्या बाईंशी व्हिडिओ कॉल ठरला. बेटावरचे अकरा, इथले दुपारचे तीन.

डोरीन साठीच्या होत्या. पांढरे केस रुमालाने बांधलेले. त्यांनी आधीच सांगितलं की दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागेल, हवामानाचा बलून सोडायचा आहे. फोन कठड्यावर टेकवून त्या गेल्या आणि एका शेडमधून त्यांच्याहून मोठा पांढरा फुगा घेऊन बाहेर आल्या. खाली दोरीला मोजमापाच्या यंत्राचा एक छोटा डबा लोंबत होता. वारा जोराचा होता. त्या फुग्याबरोबर चार पावलं पळाल्या आणि मग हात सोडला. फुगा वर गेला, ठिपक्याएवढा झाला, मग नाहीसा झाला. डोरीन फोनपाशी परत आल्या.

त्यांनी सांगितलं की याच वेळेला जगभरातून असे शेकडो बलून सोडतात. “तुमच्या अबू धाबीतूनही. विमानतळाजवळून. तुमच्या हवामान केंद्राचा क्रमांक मला पाठ आहे.”

वैभवी अबू धाबीत अकरा वर्षं राहत होती. तिला हे माहीत नव्हतं.

बलून सोडल्यावर काय करता, असं तिने विचारलं. नोंदी पाठवते, डोरीन म्हणाल्या, आणि मग बोटींना रेडिओ लावते. एकेचाळीस बोटी, एकेक नावाने. वारा कसा आहे ते सांगायचं आणि उत्तराची वाट बघायची. ज्या बोटीचं उत्तर येत नाही तिच्यासाठी बंदरावर कळवायचं. एकदा त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर तीन दिवस सगळ्या बोटी थांबवल्या होत्या. दोन दिवस लख्ख ऊन पडलं आणि लोक चिडले. तिसऱ्या दिवशी वादळ आलं. यातलं काहीच फायलीत नव्हतं.

“कुणी विचारलंच नाही,” डोरीन म्हणाल्या.

शनिवारी वैभवीने हे नवऱ्याला सांगितलं. चारुदत्त दुबईच्या जबल अली बंदरात एका शिपिंग ऑफिसात नोकरीला होता. डोरीनचा पगार ऐकून त्याने सवयीने हिशेब केला, वर्षाचे पस्तीस हजार दिरहम, म्हणजे आठ लाख रुपये. मग जरा वेळाने तो म्हणाला की आमच्याकडे एकाच कामाला तीन देशांच्या पासपोर्टांना तीन वेगळे पगार आहेत, तिथेही कुणी गुण द्यायला हवेत.

त्या दुपारी तिघं इथला बलून दिसतो का ते बघायला गाडी काढून विमानतळाच्या बाजूला गेली. सव्वातीनला एका पेट्रोल पंपापाशी थांबून पांढऱ्या आकाशाकडे बघत राहिली. अंगातून घाम निथळत होता. “देअर,” अस्मी म्हणाली. पांढऱ्यात एक पांढरा ठिपका होता, किंवा विमानाची चमक असेल. कुणी वाद घातला नाही.

प्रोजेक्टचा प्रमुख सुजीत एके काळी तिच्या हाताखाली शिकला होता. हंगामी पद ग्रेडमध्ये आणायचं म्हटल्यावर तो अस्वस्थ झाला. सचिवालयाने ते रद्द करायला सांगितलंय, खलास, असं त्याचं म्हणणं होतं.

“पोस्ट बघ, माणूस नको. हे तूच मला शिकवलंस.”

“पोस्टच बघतेय,” वैभवी म्हणाली. “ती अर्धीच लिहिलीय.”

पुढचे तीन आठवडे रोज दुपारी ती आणि डोरीन ते वर्णन पुन्हा लिहीत बसल्या. डोरीन एखादी गोष्ट सांगत आणि सांगता सांगता खिडकीबाहेर बघत राहत. वैभवी त्या गोष्टीचं एक वाक्य करी. रेडिओवरची बोटींची नावं ऐकता ऐकता ती तिलाही पाठ झाली. तिच्या स्वप्नात आता पायऱ्या नव्हत्या. नुसतं पाणी होतं, आणि कुणीतरी संथपणे नावं पुकारत होतं.

ऑगस्टमध्ये बेटाच्या पगार समितीची व्हिडिओवर बैठक झाली. सचिवालयाचे अधिकारी म्हणाले, यंत्र आलं की वारा यंत्रच मोजेल. वैभवीने विचारलं, एखाद्या बोटीचं उत्तर आलं नाही तर कुणाला उठवायचं हे कोण ठरवणार? आणि तो निर्णय चुकला तर जाब कुणाला विचारणार? मग मत्स्यखात्याचे म्हातारे अधिकारी म्हणाले की त्यांचा भाऊ अशाच एका बोटीवर होता आणि तो परत आला, तो डोरीनमुळे. सुजीतने माइक बंद ठेवला; पाठिंबा दिला नाही, पण विरोधही केला नाही. गुण नव्याने दिले गेले. नव्या नऊ ग्रेडपैकी पाचवी. पद कायम.

मागची वर्षं मात्र धरायला समितीने नकार दिला. नियम आदेशाच्या तारखेपासून लागू होतो. पेन्शनच्या हिशेबात अडतीस वर्षं शून्य.

हे डोरीनना वैभवीनेच सांगितलं.

“म्हणजे ती वर्षं गेलीच.”

“हो,” वैभवी म्हणाली. गोड बोलून वेळ मारून न्यावी असं तिच्या मनात आलं होतं, पण तिने तसं केलं नाही.

“आणि माझ्यानंतर?”

“पद राहील. जाहिरात निघेल.”

डोरीननी मान हलवली. मग बलूनची वेळ झाली म्हणून फोन ठेवला. त्या दिवशी त्यांनी फोन कठड्यावर टेकवला नाही. वैभवी बंद स्क्रीनसमोर बसून राहिली. संध्याकाळी चारुदत्तने विचारल्यावर ती एवढंच म्हणाली की काम झालं, पण पूर्ण नाही.

जानेवारीत डोरीनचा मेल आला. सचिवालयातल्या मोठ्या रजिस्टरवर सही करायला त्यांना बोलावलं होतं. आजवर त्या मागच्या दाराने जाऊन पगार घ्यायच्या, आता समोरच्या दाराने गेल्या. रजिस्टर फार जड होतं, असं त्यांनी लिहिलं होतं. त्यांच्या हाताखाली मदतनिसाची नवी जागा निघाली होती, तिच्यासाठी तीन अर्ज आले होते. ग्रेड आहे म्हटल्यावर मुलं विचारायला लागली होती. निवडलेल्या मुलीने पहिल्याच दिवशी एक बलून कुंपणावर फाडला.

शेवटी त्यांनी लिहिलं होतं की कायम नोकराला पंचवीस दिवसांची रजा मिळते. हंगामी माणसाला रजा नसायची, त्यामुळे कुठे जायचं याचा कधी विचारच केला नव्हता. महिन्यातून एकदा विमान येतं. ‘फेब्रुवारीत तुमच्याकडे हवा कशी असते?’

वैभवीने लगेच उत्तर लिहायला घेतलं, आणि थांबली. हवेबद्दल विचारणारी बाई हवामान निरीक्षक आहे हे लक्षात आलं. फोन वगैरे काही न बघता ती बाल्कनीचं दार सरकवून बाहेर गेली. सकाळचं धुकं उतरलं होतं, खालचे रस्ते दिसत नव्हते. शेजारच्या टॉवरचे फक्त वरचे मजले तरंगत होते. कठडा ओला होता. वारा उत्तरेकडून येत असावा, तिला खात्री नव्हती. तिने डोळे मिटले आणि गालावर तो नक्की कुठून लागतो ते नीट जोखत उभी राहिली.