कुलपातलं माप

फोटो काढून झाला असेल तर दोन मिनिटं थांबा. मी बोलतोय, या काचेच्या पेटीतलं काशाचं माप. केल्डबरीच्या बाजारात दोनशे वर्षं गहू माझ्यातून मोजला गेला. माझ्यासमोरच्या पाटीवर लिहिलंय की मी या गावाच्या प्रामाणिकपणाचं प्रतीक आहे. ती पाटी रोज वाचावी लागते मला, आणि रोज तितकीच शिसारी येते.

चर्चच्या घंटा ओतणाऱ्या एका कारागिराने मला घडवलं. काठावर अक्षरं कोरली: केल्डबरी खरं मोजते. मग बाजारचौकातल्या दगडावर मला साखळीने बांधून ठेवलं.

बाजार गुरुवारी भरायचा. पहिली घंटा झाली की एक तासभर फक्त गावातल्या माणसांनी घ्यायचं, घरापुरतं. व्यापाऱ्यांची पाळी दुसऱ्या घंटेनंतर. आणि चौकात माझ्याशिवाय एक दाणाही विकायचा नाही, हा नियम. गरिबाला आधी आणि पुरं मिळावं म्हणून कुणा शहाण्या माणसाने तो केला असणार. त्याच्यानंतर गावात तेवढा शहाणा झाला नाही.

माणसं मला तिथे कळली. विकणारा गहू हलक्या हाताने, कडेकडेने ओततो. दाणे पोकळ बसतात, थोड्या गव्हात माप भरतं. घेणाऱ्या बायकांना ते पाठ होतं.

"हात वर कर की. उंचावरून ओत. खांदा धरलाय का तुझा?"

"बाई, सांडेल."

"सांडलेलं मी वेचीन. तू ओत."

कुणी गहू आदल्या दिवशी भिजवून फुगवून आणायचा. कुणी बोलता बोलता माझ्या काठावर कोपर टेकायचा. हेच लोक रविवारी पहिल्या बाकावर बसून डोळे मिटायचे. पण शेवटी बाजारचा कारकून सरळ फळी फिरवून माझ्या काठावर चढलेली शीग पुसायचा, आणि उरायचं ते खरं असायचं. तेवढ्या एका क्षणासाठी मी सगळं सहन केलं.

मग ते ओलं वर्ष आलं. कापणीच्या वेळी तीन आठवडे पाऊस लागला, गहू शेतातच काळा पडला. ज्यांच्या कोठारात मागचा साठा होता, त्यांनी गोण्या बाजारात आणणं बंद केलं. ते खिशात मूठभर गहू घेऊन सरायीच्या मागच्या खोलीत जायचे. जेथ्रो फॅरंट नावाचा व्यापारी तिथे बसलेला असायचा. तो दाणे तळहातावर घेऊन फुंकायचा, एक चावून बघायचा आणि अख्खं कोठार विकत घ्यायचा. मूठ पाहून सौदा. घंटा नको, तास नको, मी तर नकोच.

चौकात बायका रिकाम्या टोपल्या घेऊन उभ्या. सगळ्यांत पुढे टॅबिथा वॉर्लो. तिचा नवरा खोगिरं शिवायचा आणि त्या हिवाळ्यात त्याचं काम सुटलं होतं. घरात चार मुलं. दोन आठवडे ती सलगमाच्या उकडीवर त्यांना झोपवत होती. तिला माझा चौथा हिस्सा गहू हवा होता. तेवढाच.

बाजारचा कारकून ओबाडाया पेल. भला माणूस, असं सगळे म्हणायचे. मी त्याच्याइतका भित्रा माणूस पाहिला नाही. चार बायका मोठ्याने बोलल्या म्हणून त्याने मला दगडावरून सोडवून बाजारघरातल्या लाकडी पेटीत ठेवलं आणि कुलूप लावलं.

"पेलसाहेब, गहू विकायला लावा," टॅबिथा म्हणाली.

"मापाशिवाय विकता येत नाही, टॅबिथा. नियम तुला माहीत आहे."

"मग माप काढा."

"माप सुरक्षित ठेवलंय."

"कुणापासून?"

पेटीच्या फटीतून मला दिसलं, पेल बुटांकडे बघत राहिला.

"आमच्यापासून ना? आम्ही काय ते उकडून खाणार होतो?"

बायका हसल्या. पेटीच्या अंधारात मला ते हसू ऐकू आलं. तेवढ्यात फॅरंटची गाडी त्याला घेऊन चौकातून निघाली, नदीवरच्या नावेकडे. बारा गोण्या गहू. गावातला गहू गावासमोरून चालला होता.

टॅबिथाने पुढे होऊन घोड्याचा लगाम धरला. "पळव आता माझ्या अंगावरून," ती गाडीवानाला म्हणाली. तो काही पळवेना. त्याची बायकोही त्याच घोळक्यात उभी होती.

मग लोहाराची बायको हातोडा घेऊन आली. दोन घावांत पेटीचं कुलूप तुटलं. मला उचलून पुन्हा त्या दगडावर ठेवलं.

आता नीट ऐका, कारण पाटीवर हे नाही. त्या बायकांनी लुटलं नाही. गोण्या एकेक उतरवल्या, गहू माझ्यात ओतला. टॅबिथाने फळी हातात घेतली आणि शीग पुसली, पेलपेक्षा सरळ. प्रत्येकीने मागच्या वर्षीच्या भावाने पैसे दिले. ते फॅरंटच्याच रुमालावर ठेवले. एक म्हातारी बाई जरा भरगच्च घेऊ लागली, तेव्हा टॅबिथाने तिचा हात बाजूला केला.

"सपाट, मावशी. आज तरी सपाटच."

माझ्या उभ्या आयुष्यात माझ्या काठावरची अक्षरं पुरेपूर खरी ठरली ती त्या एका सकाळी.

तेवढ्यात पेल धावत आला. "गावाची वस्तू आहे ती," म्हणत त्याने मला ओढलं. टॅबिथाने धरून ठेवलं नाही, तिने हात सोडले. त्यालाच माझं वजन पेललं नाही. मी दगडावर आपटलो. काठाला हा पोचा आला तो तेव्हा, "केल्डबरी" या अक्षरांच्या बरोबर खाली.

कोर्टात मला टेबलावर मांडलं. पुरावा म्हणून. तिने खरं मोजलं याचा साक्षीदार मी, आणि मलाच तिच्या गुन्ह्याचा पुरावा केलं. फॅरंटने शपथ घेऊन सांगितलं की जमावाने त्याला लुटलं. रुमालावरचे पैसे त्याने घरी नेले होते, तो रुमाल त्याच्याच गळ्यात होता.

"हा पोचा कसा पडला?" न्यायाधीशांनी पेलला विचारलं.

पेलने पुन्हा बुटांकडे पाहिलं. "झटापटीत, साहेब. या बाईच्या हातून."

"तुला काही म्हणायचंय?" त्यांनी टॅबिथाला विचारलं.

"माप भरून मोजलं होतं, एवढंच लिहून घ्या," ती म्हणाली.

ते कुणी लिहून घेतलं नाही. तिला शिक्षा झाली, सात वर्षं समुद्रापार हद्दपारी. बापाला पोसता येईना, म्हणून मुलं गावाच्या अनाथघरात गेली. ती परतली की नाही, मला माहीत नाही. पेल मेला तेव्हा चर्चमध्ये त्याच्या नावाची संगमरवरी पाटी लागली. "न्यायी कारकून" असं लिहिलंय म्हणे.

मला मात्र परत पेटीत ठेवलं. पुढे बाजार संपला. चौकात मोटारगाड्या उभ्या राहू लागल्या. बाजारघराचं संग्रहालय झालं, लाकडी पेटी जाऊन काचेची आली. माझं चित्र चहाच्या कपांवर छापून विकतात. माझ्यासमोरच्या पाटीवर शेवटची ओळ अशी आहे: "काठावरचा पोचा दंगेखोर बायकांनी पाडला." येणारे लोक वाकून पोचा बघतात आणि "अरेरे" म्हणतात. माझ्यासाठी. मला दुखलंच नव्हतं.

आणि गुरुवार अजून येतो. संग्रहालयाच्या मागच्या दाराशी गरजूंना खाण्याच्या पिशव्या वाटतात. मागच्या दाराशी, कारण पुढून पर्यटक येतात; माझ्या काचेतून ते दार दिसतं. संग्रहालयाच्या ग्वेंडाबाई वाटपही बघतात. मनाने वाईट नाहीत. मागच्या गुरुवारी एक तरुण बाई आली, कडेवर पोर.

"गरजू असल्याची डॉक्टरांची चिठ्ठी आणलीस का, बाळ?"

"डॉक्टरांकडे पंधरा दिवस नंबर नाही. चिठ्ठी कुठून आणू?"

"चिठ्ठीशिवाय देता येत नाही गं. नियम आहे."

"पिशव्या तर दिसतायत मला. सहा आहेत."

"त्या चिठ्ठीवाल्यांसाठी ठेवल्यात."

ग्वेंडाबाई हे बोलताना आपल्या बुटांकडे बघत होत्या. ती बाई गेली. संध्याकाळी सहाच्या सहा पिशव्या कपाटात गेल्या आणि कपाटाला कुलूप लागलं.

इतक्या वर्षांत हे गाव एक गोष्ट मन लावून शिकलं: जे वाटायचं ते जपून ठेवायचं, आणि जपण्याला चांगुलपणा म्हणायचं. मला याची किळस येते. माझं तोंड वरच्या बाजूला उघडं आहे, माझ्यात काहीतरी पडावं म्हणून. आत्ता तळाशी धूळ आहे, एक मेलेली माशी आहे आणि कुणीतरी इच्छा धरून फटीतून टाकलेलं एक नाणं आहे.

तुम्ही वाकून बघत होता, म्हणून सांगितलं. त्या पाटीवरची शेवटची ओळ खोटी आहे. टॅबिथा वॉर्लोने भरून मोजलं होतं, हे तुम्ही तरी लिहून घ्या. आणि आज गुरुवार आहे, मागच्या दाराशी रांग लागलीय. कपाटाची किल्ली आणि माझ्या पेटीची किल्ली एकाच कडीत आहेत. ग्वेंडाबाईंच्या टेबलाचा डावा खण.