पल्याडच्या दारातला पूल

"साखर चहात न्हाई पडली. सगळी ह्यांच्या भाषणात गेलीय," कमलबाई माझ्या कानापाशी पुटपुटल्या आणि कप सतरंजीवरून लांब सारला.

भाषण त्यांच्याच यजमानांचं, दिनकररावांचं चाललं होतं. मारुतीच्या सभामंडपात ग्रामसभा, विषय दुधना नदीवरचा आमचा दगडी पूल. पाच कमानी, काळा दगड, निजामाच्या काळातला. आता त्याचं सुशोभीकरण होणार, रंगीत दिवे लागणार, आणि गावाच्या नावापुढं लाल बदाम काढलेला फलक उभा राहणार. फोटो काढायला बरं.

दिनकररावांनी इतिहास सांगितला. त्यांच्या आजोबांनी म्हणे पुरात एका बाळंतिणीची बैलगाडी अडकलेली पाहिली, त्यांचं काळीज हललं आणि त्यांनी हा पूल बांधला. मागच्या वर्षी ह्याच इतिहासात बाळंतीण नव्हती, गाय होती. त्याआधी नुसतीच रयत होती. इतिहास जसा वाढायलाय तसा आमचा कापूस वाढला असता तर काय पाहिजे होतं.

एक गोष्ट मात्र कुणाच्याच इतिहासात बसत नाही. वालूरच्या बाजाराची वाट नदीपल्याड वरच्या अंगाला निघते, आणि पूल उतरतो खालच्या अंगाला, सुलाबाईच्या दारात. अगदी दारात. पुलावरून सुटलेलं वासरू थेट तिच्या चुलीपाशी जातं. बाजारकरी बाया डोक्यावर पाटी घेऊन पूल उतरतात आणि बाभळीच्या काट्यांतून परत वरच्या अंगाला चालत वाटेला लागतात. असं का, तर काशीनाथ गुरुजी म्हणतात, पाण्याच्या ओढीचा अभ्यास. सरपंच बालाजीराव म्हणतात, वास्तुशास्त्र. मी नवी सून असताना हेच विचारलं, तर सासूनं सूपभर तूर निवडायला दिली होती.

दिनकररावांच्या घरच्या सुना त्या पुलावर पाय ठेवत नाहीत. पुलाचा मान, म्हणतात. कमलबाईंचं माहेर पल्याडचंच, त्या वरच्या उतारानं, पाण्यातून जातात. त्यांची आई गेली तेव्हा दुधना दोन्ही काठ भरून वाहत होती. पूल मोकळा होता. सगळं गाव त्यावरून मातीला गेलं. कमलबाई मान राखत अल्याड बसल्या, पाणी उतरेपर्यंत.

सुलाबाई चपलांच्या ढिगापाशी बसली होती. गोधड्या शिवून पोट भरते. तिचं घर फोटोच्या जागेत येत होतं, म्हणून पाडायचं होतं. ठरावात शब्द होता, 'पुलाच्या तोंडातलं अतिक्रमण'. हे घर तिच्या आईच्या आईचं, पंचफुलाचं. पंचफुला हे नाव गावात कुणी घेत नाही, 'ती पल्याडची' म्हणतात. पल्याड सत्तर-ऐंशी घरं आहेत, पण पल्याडची एकच. आणि सुलाबाईचं नाक हुबेहूब दिनकररावांचं आहे. त्यामुळं गावाच्या फोटोत ह्या दोघांना कधी शेजारी उभं करत नाहीत, एवढी अक्कल आमच्या गावाला आहे.

सुलाबाईनं एवढंच विचारलं, की गोधड्यांसाठी दिलेली बायांची लुगडी घरात पडलीत, ती कुठं नेऊन ठेवू. दिनकरराव लय मायेनं म्हणाले, एवढ्या मोठ्या इतिहासापुढं दोन खोल्यांचं काय घेऊन बसायचं. सरपंचांनी हात वर करायला सांगितले. हात वर जायला लागले. सुलाबाई उठली आणि आपली चप्पल शोधायला वाकली.

तेवढ्यात कमलबाई उभ्या राहिल्या. ग्रामसभेत त्या कधी उभ्या राहिल्या नव्हत्या, त्यामुळं सगळ्यांना वाटलं, चहाचं काहीतरी असेल.

"घर पुलाच्या तोंडात न्हाई आलं," त्या म्हणाल्या. "घर आधीचं हाय. पूलच त्या दारात गेला. आमच्या आजेसासऱ्यांना पावसाळ्यात पंचफुलाकडं जाता येईना, म्हणून बांधला."

माईकनं शिट्टी मारली. दिनकररावांना तो बंद करायचंही सुचेना. कमलबाईंनी तिकडं बघितलंच नाही. त्या चपलांच्या ढिगाकडं वळल्या.

"बसा वन्सं. चपला कशाला शोधायलात? आजोळ हाय तुमचं."