गोल्डक्रेस्ट नाही

लेनर्ड पिमने पक्ष्यांच्या नोंदवहीत ‘गोल्डक्रेस्ट’पुढे शून्य घातलं आणि काठी टेकत तो पुढे निघाला.

“अहो थांबा, डोक्यावरच गातायत की!” रोझी म्हणाली. ती गावच्या शाळेतली नवी शिक्षिका. निसर्गमंडळाबरोबर रानात आज पहिल्यांदाच आलेली. “दोन तरी आहेत. किती बारीक आवाज!”

मंडळातले बाकीचे चौघे आपापल्या बुटांकडे पाहू लागले.

लेनर्डने मान वर केली. फर वृक्षाच्या फांदीवर अंगठ्याएवढा पक्षी चोच उघडत होता, मिटत होता. लेनर्डला वारा ऐकू येत होता, लांबचा ट्रॅक्टरही. पक्षी तेवढा मुका होता.

नोंदवही एकतीस वर्षं त्याच्याकडे होती. नोंदणाऱ्याने स्वतः पाहिलं-ऐकलं तेच लिहायचं, हा नियमही त्याचाच. त्या नियमाने तीन वसंत शून्य पडलं, आणि या रानातून गोल्डक्रेस्ट गेला असं त्याने मंडळाच्या अहवालात छापूनही टाकलं होतं.

“बेरिल, तुला ऐकू येतोय?”

बेरिल पहिल्या फेरीपासूनची सोबतीण. “येतोय.”

“गेल्या वर्षी?”

“तेव्हाही.”

“आणि सगळे मूग गिळून बसलात?”

“काय सांगायचं होतं रे तुला? म्हातारा झालास म्हणून?”

“हो, तेच सांगायचं! मी काय, आज आहे उद्या नाही. वही खोटी पडली ना!” त्याचा आवाज चिरकला. एवढं वाईट त्याला बायको गेल्यानंतर प्रथमच वाटत होतं.

बेरिलने डब्याच्या पिशवीतून एक छोटी डायरी काढून त्याच्या हातात दिली. तीन वर्षांतली प्रत्येक फेरी तिच्यात होती : तारीख, झाड, पक्षी, आकडा. अक्षरं चौघांची. शेवटी एक अरुंद रकाना होता, वर नुसतं ‘लेनर्ड’. त्याला ऐकू आलेल्या पक्ष्यापुढे बरोबरची खूण, न आलेल्यापुढे फुली.

तो ओंडक्यावर बसला. कुणी घसा खाकरला, कुणी फ्लास्कचं झाकण उगाच फिरवलं. पहिल्या दोन वर्षांत फुल्या गोल्डक्रेस्टपुढेच होत्या. यंदाच्या पानावर आणखी एका पक्ष्यापुढच्या फुलीवर त्याचं बोट अडलं.

“ट्रीक्रीपरसुद्धा?”

“मार्चपासून,” बेरिल म्हणाली.

लेनर्डने आपला रकाना वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला, एकेका फुलीवर थांबत.

“नोंद चोख आहे,” तो म्हणाला.