चिकटवायच्या खोलीतली हवा

वहिनीची चप्पल पायातून निसटायला लागली, तेव्हा सगळ्यात आधी हसली ती वहिनीच. चार पावलं पुढे गेल्यावर मागे वळून बघावं, तर चप्पल रस्त्यातच राहिलेली. पायाला पत्ताच नाही. "म्हातारी झाले बाई," ती म्हणायची. अजून चाळिशीही उलटली नव्हती.

बुटांचा कारखाना तिच्या धाकट्या दिराचा. कारखाना म्हणजे काय, तर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत तिचा नवरा चामडं कापायचा आणि शिलाईची यंत्रं दिवसभर खडखडायची. आतल्या खोलीत लांब टेबलाशी एका ओळीत बसून वहिनी आणि आणखी काही बायका बुटांना तळ चिकटवायच्या. सोल्युशनच्या उघड्या डब्यात बोट बुडवायचं, तळाला फासायचं, जरा सुकू द्यायचं आणि दाबायचं. वयाने मोठ्या बायकासुद्धा तिला वहिनीच म्हणायच्या.

गेल्या वर्षी धाकट्याने नवं सोल्युशन आणलं. झटकन सुकायचं, काम भराभर उरकायचं. ओल्या सोल्युशनवर धूळ बसू नये म्हणून खिडकी कायम बंद. संध्याकाळी सगळ्यांची डोकी जड व्हायची, पण चहा घेतला की विषय संपायचा. पुढे वहिनीच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. मग ब्लाउजची हुकं लावता येईनात. नवरा ती लावून द्यायला लागला.

एके दिवशी बुटांचं खोकं घेऊन निघालेली वहिनी उंबऱ्यातच कोसळली. लागलं फार नाही, पण काही केल्या तिला उठता येईना. पाऊल वर उचललंच जात नव्हतं. नवऱ्याने तिला तसंच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी तिचे पाय तपासले, घोट्यावर छोटी हातोडी मारून पाहिली. मग विचारलं, "काम काय करता?"

वहिनीने सांगितलं.

"तुमच्याबरोबर बसणाऱ्या बायकांना असं काही होतं का?"

"नाही. म्हणजे... कधी विचारलंच नाही."

"मला ती खोली बघायची आहे," बाई म्हणाल्या.

धाकट्याला हे मुळीच आवडलं नाही. तो दारातच उभा राहिला. "बाई, वहिनी मला आईच्या जागी आहे. मी काय माझ्या घरच्या माणसांना विष घालीन?"

"तुम्ही घालता असं मी म्हणतच नाहीये. त्या डब्यात काय आहे, तेवढं बघू द्या."

त्यांनी डब्यावरची नावं वाचली, बंद खिडकी पाहिली आणि बायकांना त्रास विचारला. दारात धाकटा उभाच होता. सगळ्या टेबलाकडे बघत बसल्या. तेव्हा बाहेरच्या खोलीतून वहिनीचा नवरा आला. धाकट्या भावाशी तो कामापुरतंच बोलायचा.

"तू जरा बाहेर ये," तो म्हणाला आणि भावाच्या दंडाला धरून त्याला घेऊन गेला.

मग मात्र सगळ्याजणी एकदम बोलायला लागल्या. एकीची पावलं बधिर होती. एकीच्या हातून पेले सुटायचे, त्यावरून सासूची बोलणी खावी लागायची. दाराशी, जरा वाऱ्यात बसणारीचं फक्त डोकं दुखायचं.

"हे मशेरी-तंबाखूचं नाही, वयाचं नाही," बाईंनी समजावलं. "सोल्युशनची वाफ श्वासातून आणि कातडीतून आत जाते, नसा खाते. तोंडाला फडकं बांधून ती अडत नाही."

धाकट्याने ऐकून घेतलं, पण त्याला पटलं नव्हतं. वहिनी घरी बसल्यामुळे काम तुंबलं, म्हणून तो स्वतःच तिच्या जागेवर चिकटवायला बसला. दुपारपर्यंत त्याचं डोकं भणभणलं. जेवणाचा डबा उघडला आणि तसाच झाकला. संध्याकाळी तो मागच्या भिंतीशी जाऊन ओकला. बायका त्याच्याकडे बघत होत्या, पण कुणी हसलं नाही.

दुसऱ्याच दिवशी त्याने छताजवळ मोठा पंखा बसवला, हवा बाहेर ओढणारा. मोठ्या उत्साहाने त्याने बाईंना बोलावलं. बाईंनी कापसाचा एक धागा डब्याच्या तोंडाशी धरला. धागा उडाला तो थेट बसलेल्या बाईच्या नाकाकडे, आणि मग वर.

"वाफ बाहेर जातेय खरी," बाई म्हणाल्या, "पण यांच्या तोंडावरून."

धाकट्याचा चेहरा पडला. "मग करू तरी काय?"

"आधी हे सोल्युशनच बंद करा. पाण्यात कालवलेलं मिळतं, ते आणा. मग पंखा टेबलाच्या उंचीला, यांच्या समोरच्या बाजूला लावा, म्हणजे हवा तोंडापासून लांब ओढली जाईल. डब्यांना झाकणं लावा. बोटांऐवजी ब्रश वापरा."

धाकट्याने पाण्यात कालवलेलं सोल्युशन आणलं, पण ते सुकायला वेळ लावायचं. माल उशिरा जायला लागला, एका दुकानदाराने तर तोंड फिरवलं. धाकटा चिडचिडा झाला, भावाशी दोनदा कडाडून भांडला, पण जुना डबा त्याने परत आणला नाही.

वहिनीला वाटलं होतं, काम थांबलं की पाय सुधारतील. झालं उलटंच. घरी बसूनही आधी पाय आणखी लुळे पडले. असं होऊ शकतं, हे बाईंनी सांगितलं होतं, तरी ती रडली. नवऱ्याने पुन्हा नेलं, तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, "नसा सावकाश भरून येतात. धीर धरा."

पुढे एका सकाळी, नवरा तिचे पाय चोळत असताना, उजवा अंगठा हलला. दोघांनीही तो पाहिला. "पुन्हा हलव," तो म्हणाला. तिने हलवला. हळूहळू ती भिंत धरून, मग न धरता चालायला लागली. डावं पाऊल मात्र जरा ओढतंच राहिलं.

ती हिंडायला लागल्यावर धाकटा जेवायला आला. इतके दिवस तो उंबऱ्यावरूनच चौकशी करून जायचा. ताटावर बसला, पण हात घालेना.

"वहिनी, रागावलीस माझ्यावर?"

"रागावले होते," ती म्हणाली. "तुम्ही दारात आडवे उभे राहिलात ना, त्या दिवशी फार."

 तिने त्याच्या भातावर आमटी वाढली.

"बाकीच्यांचे पाय कसे आहेत?"

"पेले फुटायचे थांबलेत म्हणे," तो म्हणाला. "दाराशी बसणारी आता मधेही बसते. सगळ्या जागा बदलून बसतात. आणि खिडकी..."

"ती उघडी आहे, मला कळलंय. जेवा आता, गार होतंय."