खोटा अशोक म्हणतात मला

मी अशोक बोलतोय. म्हणजे, सुप्यातल्या या घरात बरीच वर्षं मला अशोकच म्हणत. शरच्चंद्र गुरुजींनी मला रोपवाटिकेतून आणून फाटकाशी लावलं. त्यांची पत्नी प्रेमलाबाई भाजी धुतलेलं पाणी मला घालत. दसऱ्याला माझ्या पानांचं तोरण दारावर चढे. "सीतामाई ज्याच्याखाली बसली, तो हाच," असं त्या शेजारणींना सांगत आणि मी आणखी ताठ होई.

मग त्यांच्या अनीशचं लग्न झालं. सून अनन्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. आल्या आल्या ती म्हणाली, "आई, हा खोटा अशोक. सीतेचा अशोक वेगळा." आणि त्या पावसाळ्यात तिने तो खरा आणून अंगणाच्या मधोमध लावला.

तेव्हापासून माझं पोट दुखतंय. आळं त्याला, शेणखत त्याला. काही वर्षांत तो केशरी-लाल फुलांनी लगडला, तर प्रेमलाबाईंनी त्याचा फोटो साऱ्या नातेवाइकांना धाडला. फुलं मलाही आली होती. पण हिरवी, पानांत लपलेली. मान वर करून कोण बघतो! याला कीड लागो, असं मी रोज म्हणे. मेल्याला साधा मावाही पडला नाही.

यंदा चैत्रात अनीशने गाडी घेतली. फाटक रुंद करायचं ठरलं.

"तो खोटा काढून टाकू," गुरुजी म्हणाले.

गावातला बजरंग कुऱ्हाड घेऊन आला. "गुर्जी, बुडातनंच घ्यायचा न्हवं?"

"बुडातूनच."

त्याने आधी खालच्या फांद्या उतरवल्या. एक अनन्याच्या पायाशी पडली. तिने त्यातलं फूल खुडून तळहातावर ठेवलं आणि सासूला हाक मारली.

"आई, याचं कुळ ठाऊक आहे? सीताफळ, रामफळ, आपला सोनचाफा, सगळे याचे भाऊबंद. एकाच गणातले. पृथ्वीवर फुलं नवी नवी होती, तेव्हापासूनचं घराणं हे. मधमाश्यांचा पत्ता नव्हता, भुंगेरे पराग वाहायचे. पूर्वी फुलांची ठेवण पाहून गट पाडायचे, आता जनुकं तपासतात. तरी ही भावंडं एकत्रच राहिली."

"आणि तो आपला खरा?"

"तो तूर-हरभऱ्याच्या कुळातला. याच्यापुढे पुष्कळ अलीकडचा."

हरभऱ्याच्या! अंगावर कुऱ्हाडीचे घाव होते, तरी मला हसू फुटलं.

प्रेमलाबाई बजरंगाच्या आडव्या आल्या. "थांब रे. अहो, नाव आपण चुकीचं ठेवलं. त्यात झाडाचं काय खोटं?"

"मग गाडी?" गुरुजी म्हणाले.

"राहील बाहेर. तिला काय थंडी वाजते?"

"मंग म्या जाऊ व्हय?" बजरंगाने विचारलं.

"चहा घे आणि जा."

वाचलो. एक बाजू बोडकी झाली आहे. एवढ्या जुन्या घराण्यातल्याने आता तरी जळणं सोडावं, असं तुम्ही म्हणाल. नाही सुटत. तुमच्या फाटकाशी माझा कुणी भाऊबंद असेल, तर चैत्रात एकदा वर बघा, एवढंच मागतो.

हल्ली संध्याकाळी प्रेमलाबाई माझ्या बुंध्याला पाठ टेकून बसतात. डोळे त्या लाल फुलांवर असतात. असू देत. टेकायला त्या माझ्याकडे येतात.