खिडकीचं प्रकरण

डोरीनने दोन पानं एकदम उलटली आणि आवाजात फरक पडू न देता पुढे वाचायला लागली.

"मागे जा," हेझेल डोळे न उघडता म्हणाली.

"का? काय झालं?"

"खिडकीचं प्रकरण गाळलंस. मला काय ते पुस्तक नवीन आहे?"

नवीन कुठलं! पन्नास वर्षं, दर ऑक्टोबरात, या दोघी बहिणी रक्तपिपासू उमरावाची ती कादंबरी पहिल्या पानापासून वाचत आल्या होत्या. पुस्तकाचे आता तीन तुकडे झाले होते आणि त्यांना रबरबँड लावलेला होता. ते ज्या बाईला तोंडपाठ, तिच्यापासूनच पान लपवायला निघालेली डोरीन मनातून ओशाळली. पण आज ते प्रकरण तिच्याच्याने वाचवत नव्हतं.

रुग्णालयाच्या त्या लांबट खोलीत, समुद्राकडच्या आरामखुर्चीत हेझेल पाय वर घेऊन पडली होती. वर टांगलेल्या पिशवीतलं रक्त थेंबाथेंबाने तिच्या हातात उतरत होतं. वसंतात एकदा रक्त चढवलं की ती महिनाभर टुणटुणीत असायची, पाव आणायला टेकडी चढून जायची. ऑगस्टात महिन्याचे पंधरा दिवस झाले. आता पाचव्या दिवशीच ओठ पांढरे पडत. मघाशी डॉक्टर येऊन गेले. नेहमी उभ्याउभ्या बोलणारा माणूस आज स्टूल ओढून बसला. रक्त चढवणं पुढे चालू ठेवायचं की थांबवायचं, ते तुम्हीच ठरवा, असं त्यांनी हेझेलला सांगितलं. हेझेलने त्यांचे आभार मानले. डोरीनने घाईघाईने पुस्तक उघडलं.

नळी तपासायला ग्रेस नावाची नर्स आली.

"रक्त घेता घेता रक्तपिपासूची गोष्ट! धन्य आहे तुम्हा दोघींची."

"मला निदान नळीतून मिळतंय," हेझेल म्हणाली. "त्या बिचाऱ्याला सगळं दातांनी करावं लागतं."

ग्रेस हसत पुढच्या खुर्चीकडे गेली. डोरीनलाही हसू फुटलं, आणि त्याच्या पाठोपाठ रडू आलं, म्हणून तिने मान खाली घातली.

"वाच गं," हेझेल म्हणाली.

डोरीनने पानं मागे घेतली. बोलावल्याशिवाय उमरावाला घरात पाऊल टाकता येत नाही. सतरा रात्री तो रोझामंडच्या खिडकीबाहेर नुसता उभा राहतो. अठराव्या रात्री ती स्वतःच कडी काढते. लहानपणी या ओळीशी आलं की दोघी पांघरुणातून किंचाळायच्या, "उघडू नकोस, मूर्ख पोरी!" आणि पलीकडून आई भिंतीवर चप्पल हाणायची. साठी उलटली तरी दोघींनी ती रीत मोडली नव्हती.

ओळ आली. डोरीन थांबली. हेझेल ओरडली नाही.

"उगाच तिला मूर्ख म्हणत आलो आपण," ती म्हणाली. "दमली होती गं ती."

"हेझेल, नको ना."

"सतरा रात्री कडी धरून बसली. रोज सकाळी बहीण म्हणायची, अजून एक रात्र, एकच. तिच्यासाठीच धरली होती तिने."

डोरीनने पुस्तकावरून नजर हलवली नाही.

"यात बहीण नाहीये," ती कशीबशी म्हणाली.

"नाही का?"

थोरल्या बहिणीसाठी डोरीनने काय केलं नसतं! पण करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पिशवी रिकामी होईपर्यंत ती नुसती हेझेलच्या पायातला मोजा वर ओढत राहिली.

ग्रेस वही घेऊन आली. तारखा ठरवायचं काम नेहमी डोरीनचं.

"पुढचा गुरुवार, साडेदहा?"

हेझेल फक्त डोरीनकडे पाहत होती.

"नको," डोरीन म्हणाली. आवाज आपलाच आहे का, असं तिला वाटलं. "गुरुवारी आम्ही घरीच असू."

ग्रेसने वही मिटली.

"थँक्यू," हेझेल म्हणाली, जेवताना कुणी मीठ पुढे सरकवल्यावर म्हणावं तसं.

'त्यात काय एवढं' असं म्हणायची पद्धत आहे. डोरीनला ते म्हणता आलं नाही.